दातेरी चाकांचे गणित आणि लक्ष्मणराव किर्लोस्कर

उसाच्या रसाच्या चरकाला एकमेकांत गुंतलेली दातेरी चाके असतात, ती तुम्ही पाहिली असतील. अशी यंत्रे आपल्या देशात घडवून शेतकऱ्यांपर्यंत नेणाऱ्यांत लक्ष्मणराव किर्लोस्कर अग्रभागी होते.

त्यांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे झाला. चित्रकार व्हायचे म्हणून ते मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत गेले. पण काही रंगांतला फरक त्यांना ओळखता येत नव्हता, म्हणून दोन वर्षांत ते शिक्षण सुटले. रेषा मात्र पक्की होती. ते यांत्रिक ड्रॉइंग शिकले आणि व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिक्षक झाले. (ड्रॉइंगचा तास वाया जातो असे मानणाऱ्या पालकांनी हे जरूर वाचावे.) तेथे हक्काची बढती डावलली गेली, तेव्हा नोकरी सोडून ते बेळगावला भावाबरोबर सायकलच्या धंद्यात आले.

तेथेच त्यांनी कडबा कापण्याचे यंत्र बनवले. या यंत्रात पाती भरभर फिरतात, पण कडबा आत ओढणारे रूळ सावकाश फिरावे लागतात. नाहीतर तुकडे लांब पडतात आणि गुरे ते टाकून देतात. हा वेग दातांच्या संख्येवर ठरतो. २० दातांचे चाक ६० दातांच्या चाकाला फिरवत असेल, तर लहान चाकाचे ३ फेरे झाल्यावर मोठ्याचा १ फेरा होतो.

दाताचा आकार ठरवणाऱ्या मापाला मॉड्यूल म्हणतात. जोडीतल्या दोन्ही चाकांचे मॉड्यूल एकच लागते. ते ५ मि.मी. धरा. पिच व्यास २० × ५ = १०० आणि ६० × ५ = ३०० मि.मी. बाहेरचा व्यास काढताना दोन दात जास्त धरायचे, म्हणजे ११० आणि ३१०. दोन आसांमधले अंतर (१०० + ३००) ÷ २ = २०० मि.मी. हे अंतर कमी पडले तर दात अडकतात, जास्त झाले तर खडखडतात. लक्ष्मणरावांच्या काळी मापे इंचांत असत, तत्त्व हेच.

पुढे लोखंडी नांगर आला. लोखंडाने जमीन विषारी होते अशी तेव्हा समजूत होती, त्यामुळे पहिला नांगर विकायला दोन वर्षे लागली. त्यातच बेळगावची जागा सोडावी लागली. औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी जमीन व दहा हजार रुपये कर्ज दिले आणि १९१० मध्ये माळरानावर किर्लोस्करवाडी वसली. तेथे चरक, पंप अशी अनेक यंत्रे तयार झाली.

२६ सप्टेंबर १९५६ रोजी त्यांचे निधन झाले. १९६९ मध्ये, जन्मशताब्दीच्या वर्षी, भारत सरकारने त्यांचे टपाल तिकीट काढले.