पंडिता रमाबाई : तीर्थाटनापासून क्षमायाचनेपर्यंत

अकलूज : आषाढी वारीत संत तुकाराम महाराजांच्या पादुकांना सराटी येथे नीरास्नान घातले जाते आणि पालखी नदी ओलांडून अकलूजमध्ये, म्हणजेच सोलापूर जिल्ह्यात प्रवेश करते. सोबतचे वारकरीही नीरेत उतरतात. पाण्यात डुबकी घेताना हात जोडले जातात, कळत नकळत घडलेले पाप धुऊन जावे अशी मनोमन विनवणी होते. हीच पालखी काही दिवस आधी यवत ते वरवंड या टप्प्यात चौफुल्यावरून पुढे जाते. चौफुल्यापासून थोडे आत वळले की केडगाव लागते. पापाची क्षमा देवाकडे कशी मागावी, या एका प्रश्नाने आयुष्यभर अस्वस्थ राहिलेल्या पंडिता रमाबाईंची कर्मभूमी ती हीच.

रमाबाईंचे नाव आज घेतले जाते ते प्रामुख्याने स्त्रीशिक्षणाच्या आणि विधवांच्या उद्धाराच्या संदर्भात. ते योग्यच आहे. परंतु त्यांच्या सार्वजनिक कार्यामागे असलेली प्रार्थनेची धारा बहुधा दुर्लक्षित राहते. ती धारा वगळली, तर केडगावची मुक्ती मिशन ही संस्था समजते. रमाबाई मात्र समजत नाहीत.

२३ एप्रिल १८५८ रोजी सह्याद्रीच्या कर्नाटकातील रांगेत, गंगामूळच्या अरण्यात त्यांचा जन्म झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे वेदशास्त्रसंपन्न चित्पावन ब्राह्मण. पत्नी लक्ष्मीबाईंना संस्कृत शिकविल्यामुळे त्यांना स्वजनांचा रोष पत्करावा लागला होता. पुढे हे कुटुंब घरदार सोडून तीर्थयात्रेला निघाले. देवळात किंवा नदीकाठी बसून पुराण सांगायचे, श्रोते जे काही देतील त्यावर गुजराण करायची, असा क्रम वर्षानुवर्षे चालला. पुराण सांगून पुण्य मिळते, तीर्थस्नानाने पाप झडते, दानधर्माने देव प्रसन्न होतो, ही या कुटुंबाची निखळ श्रद्धा होती.

या श्रद्धेची परीक्षा दक्षिणेतील दुष्काळाने घेतली. जवळचे द्रव्य व्रतवैकल्ये आणि ब्राह्मणांना दिलेल्या दानात संपले. दागिने गेले, तांब्यापितळेची भांडीही विकली गेली. अखेर रानातील पाला खाण्याची वेळ आली. वृद्ध आणि दृष्टी गेलेल्या अनंतशास्त्रींनी १८७४ मध्ये देह ठेवला. पाठोपाठ रायचूरला आई अंथरुणाला खिळली. भुकेने व्याकूळ झालेल्या आईसाठी रमाबाई शेजारच्या घरी गेल्या, पण भीक मागण्यासाठी तोंडातून शब्द फुटेना. त्या घरच्या बाईने आपण होऊन बाजरीच्या भाकरीचा तुकडा हाती ठेवला. आईला तो गिळताही आला नाही. प्रेत उचलायला माणसे मिळेनात. अखेर दोघा ब्राह्मणांना दया आली. रमाबाई उंचीने लहान असल्याने त्यांनी तिरडीचा आपल्या बाजूचा भार डोक्यावर घेतला. नंतर थोरली बहीण कृष्णाबाईही गेली. उरले ते रमाबाई आणि बंधू श्रीनिवास.

ही भावंडे हजारो मैल पायी हिंडली. काश्मीरपर्यंत गेली. झेलमच्या काठी कडाक्याच्या थंडीत पांघरूण नसल्याने वाळूत खड्डे करून, गळ्यापर्यंत कोरडी वाळू ओढून त्यांनी रात्री काढल्या. याच भटकंतीत घडलेला एक प्रसंग रमाबाईंनी उत्तरायुष्यात आवर्जून नोंदविला आहे. हिमालयातील एका पवित्र सरोवरात सात तरंगते पर्वत असल्याची ख्याती होती. यात्रेकरू निष्पाप असेल तर पर्वत त्याच्याकडे चालत येतात, पापी असेल तर जागचे हलत नाहीत, अशी समजूत. मगरींचे भय सांगून पुजारी कोणाला पाण्यात उतरू देत नसत. श्रीनिवास मात्र भल्या पहाटे पोहत तेथवर गेला. पाहतो तो काय, तराफ्यांवर मातीचे ढीग रचून वर झाडे लावलेली आणि मागे छोट्या होडीत त्यांना ढकलणारा माणूस! दक्षिणा देणाऱ्याकडे पर्वत सरकत, एवढाच त्याचा अर्थ होता. मनुष्य पापी की पुण्यवान याचा निवाडा होडीतला माणूस करीत होता. गुलाबी वयातील मुलीच्या मनावर याचा काय परिणाम झाला असेल, याची कल्पना करता येते. मात्र या घटनेने त्यांनी देव सोडला नाही. देवापर्यंत नेण्याचा मक्ता सांगणाऱ्यांवरचा विश्वास तेवढा उडाला.

१८७८ मध्ये दोघे कलकत्त्याला पोचले. संस्कृतवरील असामान्य प्रभुत्व पाहून तेथील विद्वानांनी रमाबाईंना पंडिता आणि सरस्वती या पदव्या दिल्या. ख्रिस्ती लोकांची प्रार्थना त्यांनी प्रथम पाहिली ती याच शहरात. एका मेळाव्यात मंडळी उठून खुर्च्यांपुढे गुडघे टेकून, डोळे मिटून बसली. समोर मूर्ती नाही, नैवेद्य नाही. ही माणसे खुर्च्यांचीच पूजा करीत आहेत, अशी भावाबहिणीची समजूत झाली! पुढे जिच्या प्रार्थनासभांची वार्ता परदेशांत पोचली, त्या विदुषीची ख्रिस्ती प्रार्थनेशी झालेली ही पहिली ओळख.

१८८० मध्ये श्रीनिवासचे निधन झाले. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिन बिहारी मेधवी या बंगाली वकिलाशी नोंदणी पद्धतीने आंतरजातीय विवाह केला. १८८१ मध्ये मनोरमेचा जन्म झाला आणि फेब्रुवारी १८८२ मध्ये पटकीने पती गेले. तेविसाव्या वर्षी वैधव्य पदरी घेऊन, तान्ह्या मुलीसह त्या पुण्यात आल्या. आर्य महिला समाज, स्त्रीधर्मनीति हे पुस्तक, हंटर आयोगापुढील साक्ष हे सारे त्याच वर्षातील.

१८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या आणि २९ सप्टेंबर रोजी वाँटेज येथे मायलेकींनी बाप्तिस्मा घेतला. महाराष्ट्रात खळबळ उडाली. या निर्णयामागे फादर नेहम्या गोरे यांच्या लेखनाचा वाटा होता. पण मन हलले ते वेगळ्याच ठिकाणी. वाँटेजच्या भगिनी लंडनमधील फुलहॅम येथे समाजाने पतित ठरविलेल्या स्त्रियांसाठी एक गृह चालवीत होत्या. अशा स्त्रियांना कोणी मायेने वागविते, त्यांच्यापैकी काही पुढे इतरांची शुश्रूषा करू लागतात, हे रमाबाई प्रथमच पाहत होत्या. हे कशामुळे घडते, असे त्यांनी विचारले तेव्हा त्यांना येशू आणि शोमरोनी स्त्री यांची योहानाच्या शुभवर्तमानातील कथा वाचून दाखविण्यात आली. मायदेशी अशा स्त्रीला प्रायश्चित्तही नाकारले जात होते. येथे तिला जवळ बसवून पाणी मागणारा देव होता.

तथापि बाप्तिस्मा घेतला म्हणजे मन शांत झाले, असे घडले नाही. रमाबाईंचा स्वभाव चिकित्सक. सिस्टर जेराल्डिन यांच्याशी त्यांचे सिद्धांतांवरून दीर्घकाळ पत्रयुद्ध चालले. पुरोहितशाहीचे एक जोखड फेकून दुसरे मानेवर घ्यायची त्यांची तयारी नव्हती. १८८६ मध्ये आनंदीबाई जोशींच्या पदवीदान समारंभासाठी त्या अमेरिकेला गेल्या, १८८७ मध्ये उच्चवर्णीय हिंदू स्त्रीची स्थिती मांडणारे त्यांचे इंग्रजी पुस्तक प्रसिद्ध झाले आणि ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन सुरू झाले. पुढील वर्षी ते पुण्यात आले.

याच काळात, १८९१ च्या सुमारास, विल्यम हॅसलम या इंग्रज धर्मोपदेशकाचे आत्मकथन त्यांच्या वाचनात आले. धर्मगुरू असूनही आपल्याला ख्रिस्त गवसला नव्हता, अशी त्या लेखकाची कबुली होती. ती वाचून रमाबाई हादरल्या. आपण धर्म स्वीकारला, त्याची तत्त्वे तपासून मान्य केली, पण पापी म्हणून देवापुढे रिकाम्या हातांनी कधी उभ्याच राहिलो नाही, याची त्यांना जाणीव झाली. लहानपणी तीर्थे केली, पुराणे सांगितली. ख्रिस्ती झाल्यावर सत्कृत्ये केली. दोन्हीकडे हिशेब तोच, काही तरी देऊन क्षमा मिळविण्याचा. क्षमा ही विकत घेण्याची वस्तू नसून मागण्याची आणि स्वीकारण्याची गोष्ट आहे, हे उमगल्यानंतरच आपल्याला शांती लाभली, असे त्यांनी १९०७ मध्ये लिहिलेल्या आत्मनिवेदनात नमूद केले आहे. ज्या स्त्रीशूद्रांना वेदाचा अधिकार नाही, त्यांनाही ही क्षमा विनामूल्य आहे, हा त्यातील त्यांना सर्वांत मोलाचा वाटलेला भाग.

या परिवर्तनाची किंमत लवकरच मोजावी लागली. शारदा सदनात धर्मप्रचार होणार नाही, असे आश्वासन होते. रमाबाई सकाळी स्वतःच्या खोलीत प्रार्थना करीत. दार उघडे असे आणि काही मुली येऊन बसत. त्यावरून १८९३ मध्ये वादळ उठले. केसरीने टीकेची झोड उठविली, न्या. रानडे आणि डॉ. भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले, पालकांनी मुली काढून नेल्या. उघडे दार ही निव्वळ मोकळीक होती की अप्रत्यक्ष आमंत्रण, हा प्रश्न तेव्हाही गैरलागू नव्हता आणि आजही नाही. अनाथ आश्रित मुलीची निवड कितपत स्वतंत्र असते, ही शंका टीकाकारांनी घेतली ती केवळ द्वेषापोटी होती, असे म्हणता येणार नाही. रमाबाईंचे उत्तर एवढेच, की आपण प्रार्थना दार लावून करणार नाही.

१८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या. भुकेने सांगाडा झालेल्या मुली पाहून त्यांना आपलीच रायचूरची आठवण झाली. त्यांनी शेकडो मुली आणल्या; केडगावच्या माळरानावर मुक्ती सदन उभे राहिले. १९०० च्या गुजरातेतील दुष्काळानंतर तेथील संख्या दोन हजारांच्या घरात गेली. फुलहॅमची आठवण मनात ठेवून फसविल्या गेलेल्या स्त्रियांसाठी कृपा सदन निघाले.

त्यानंतर आले १९०५ साल. वेल्समधील धार्मिक जागृतीच्या बातम्या येत होत्या. जानेवारीत रमाबाईंनी रोजच्या विशेष प्रार्थनेसाठी विचारणा करताच सत्तर जणी पुढे आल्या. जूनपर्यंत ही संख्या साडेपाचशेवर गेली. २९ जूनच्या रात्री एका मुलीला आपल्या अंगात आग पेटल्यासारखे वाटले. दुसरी पाण्यासाठी धावली आणि मग तिच्या लक्षात आले, की आग कोठेच नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी रमाबाई योहानाच्या आठव्या अध्यायावर नेहमीच्या संथ पद्धतीने बोलत होत्या. व्यभिचाराच्या आरोपावरून दगड मारायला आणलेल्या स्त्रीची कथा याच अध्यायात आहे. बोलणे अर्धेच राहिले. सगळ्या मुली एकदम मोठ्याने प्रार्थना करू लागल्या. रडत, हुंदके देत आपापली पापे बोलू लागल्या. पुढील काही काळ वर्ग आणि कामे बाजूला पडली. तास न् तास कबुली चाले. रडून मोकळ्या झालेल्या मुलींचे मग गाणे आणि हसणे सुरू होई.

बाहेर याची चर्चा झाली नसती तरच नवल. हा उन्माद आहे, असे अनेकांनी म्हटले. काही युरोपीय मिशनऱ्यांनाही हा गोंगाट रुचला नाही. रमाबाईंनी मुलींना थांबविले नाही. पश्चिमेची शांत, शिस्तबद्ध प्रार्थना हीच खरी आणि आपल्या लोकांचे रडणे, हात उंचावणे मात्र अशिष्ट, हे त्यांना मान्य नव्हते.

या घटनेचे एक अंग विचार करण्याजोगे आहे. मुक्तीतील अनेक मुली बालविधवा होत्या. नवरा मेला तो हिच्या पूर्वजन्मीच्या पापामुळे, हे त्यांनी जन्मभर ऐकलेले. रमाबाईंनी आपल्या इंग्रजी पुस्तकात या समजुतीची चिरफाड केली होती. न केलेल्या पापाचे ओझे वाहणाऱ्या आणि त्यावर क्षमेची सोयही नसलेल्या या मुली आता स्वतः केलेल्या चुका स्वतःच्या तोंडाने सांगत होत्या. लादलेले पाप आणि कबूल केलेले पाप यांत मोठे अंतर आहे. पहिल्यात माणूस नुसता आरोपी असतो, दुसऱ्यात त्याला निदान बोलण्याचा अधिकार मिळतो.

स्वजनांच्या परंपरेशी रमाबाईंचे नाते तुटलेच, असे मानले जाते. पण स्वतःचे दोष उघडे करून देवाच्या दारात पडून राहण्याची रीत मराठी माणसाला तुकोबांनी कधीचीच शिकविली होती. १८९५ मध्ये ख्रिस्ती झालेले रेव्हरंड ना. वा. टिळक तुकोबांचे हे ऋण मोकळेपणाने मानीत. रमाबाईंनी असे ऋण क्वचितच बोलून दाखविले; केडगावच्या अंगणातील ते आर्त स्वर मात्र वारीच्या वाटेवरच्या माणसाला फारसे परके वाटले नसते.

अखेरची सुमारे अठरा वर्षे रमाबाईंनी बायबलच्या मराठी भाषांतराला वाहिली. त्यासाठी त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. संस्कृतच्या या पंडितेने भाषा निवडली ती खेड्यातल्या अल्पशिक्षित बाईला कळेल अशी. कारण क्षमा मागायची तर शब्द आपले हवेत. खिळे जुळविण्यापासून छपाईपर्यंतची कामे मुक्तीतील स्त्रियाच करीत. १९१९ मध्ये सरकारने त्यांना कैसर-ए-हिंद सुवर्णपदक दिले.

१९२१ मध्ये उजवा हात असलेली मनोरमा मिरजेत वारली. रमाबाईंची प्रकृती ढासळली होती आणि मुद्रिते तपासायची राहिली होती. काम पुरे होईपर्यंत दहा दिवसांची मुदत मिळावी, अशी प्रार्थना त्यांनी केल्याचे सांगितले जाते. मुद्रितांचे काम संपले आणि ५ एप्रिल १९२२ रोजी पहाटे झोपेतच त्यांचे निधन झाले. ते बायबल १९२४ मध्ये केडगावच्याच छापखान्यातून बाहेर पडले.