धारानगरीचा राजा भोज

आर्थर राजाच्या कथा आमच्या विद्यार्थ्यांस इंग्रजी पुस्तकांतून परिचित आहेत. परंतु तो राजा खरोखर होऊन गेला कीं नाहीं, याविषयीं विद्वानांत मतभेद आहे. राजा भोजाची गोष्ट निराळी. तो ताम्रपटांनीं सिद्ध झालेला ऐतिहासिक पुरुष होय. मात्र लोककथांनीं त्याच्या चरित्रावर दाट वेली चढविल्या आहेत. वैनगंगेच्या खोऱ्यांत, विशेषतः आमच्या गोंदिया जिल्ह्यांत, वस्ती करून राहिलेली पोवार मंडळी आपलें मूळ धारच्या याच परमार वंशांत मानतात. म्हणून त्याचें चरित्र येथें थोडक्यांत देण्याचें आम्हीं योजिलें आहे.

भोज हा सिंधुराजाचा पुत्र व वाक्पति मुंजाचा पुतण्या. इ. स. १०१० च्या सुमारास गादीवर येऊन त्यानें सुमारें ४५ वर्षें माळव्यावर राज्य केलें. वास्तुविद्येवरील समरांगणसूत्रधार, काव्यशास्त्रावरील शृंगारप्रकाश इत्यादि ग्रंथ त्याच्या नांवावर आहेत. बेटवा नदीजवळ भोजपूर येथें त्यानें आरंभिलेलें शिवमंदिर अपुरेंच राहिलें. दगड वर चढविण्यासाठीं घातलेला मातीचा उतार व खडकांवर कोरलेले नकाशे अद्यापि तेथें दिसतात. तेथील विस्तीर्ण तलाव पुढें पंधराव्या शतकांत हुशंगशहानें फोडला. तो रिकामा होण्यास तीन वर्षें लागलीं, असें लोक सांगतात. शेवटीं गुजराथचा भीम व त्रिपुरीचा कर्ण यांच्या युतीपुढें भोजाचें राज्य कोसळलें व त्याच सुमारास तो निधन पावला.

आतां दंतकथा. भोजप्रबंधांत अशी गोष्ट आहे कीं, भोज राजा होणार हें ज्योतिष्याकडून कळतांच मुंजानें त्याच्या वधाची आज्ञा दिली. परंतु पृथ्वी कोणाहि राजाबरोबर गेली नाहीं, अशा अर्थाचा त्या बालकाचा श्लोक वाचून त्यास पश्चात्ताप झाला. वस्तुतः मुंजामागून गादी सिंधुराजाकडे गेली, आणि याच ग्रंथांत कालिदासहि भोजाच्या दरबारीं बसलेला दिसतो! तेव्हां हा इतिहास नव्हे. सिंहासनबत्तिशींत भोजास विक्रमाचें सिंहासन भूमींत सांपडतें. पण तो वर चढूं लागतांच बत्तीस पुतळ्या विक्रमाच्या औदार्याची एकेक गोष्ट सांगून त्यास त्याची पात्रता विचारतात.

राजा भोज व गंगू तेली यांची म्हण गांवोगांव ऐकूं येते. कांहींच्या मतें तींत भोजाच्या शत्रुराजांचीं नांवें दडलेलीं आहेत. तें कसेंहि असो. ती म्हण घाण्यावर राबणाऱ्याच्या मुलास हिणविण्यासाठीं उच्चारली जाते, तेव्हां तींत भोजाचा गौरव मुळींच रहात नाहीं. आमच्या जिल्ह्यांत पोवारांचीं व तेल्यांचीं मुलें एकाच बांकावर बसून शिकतात. ज्याच्या कथेंत सिंहासनच राजाची परीक्षा घेतें, त्याच्या नांवें कुळाचा अभिमान मिरविणाऱ्यानें पुतळ्यांचा तो प्रश्न प्रथम स्वतःसच विचारावा, एवढेंच विद्यार्थ्यांस आमचें सांगणें आहे.