जिच्या वाड्यातल्या वस्तूंचा इंग्रजांनी लिलाव केला, तिलाच नागपूर गद्दार का म्हणतं?

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपूरच्या इतवारीत पाय ठेवायला जागा नसते. नेहरू पुतळ्याजवळून काळी मारबत निघते, जागनाथ बुधवारीतून पिवळी मारबत येते. सोबत बडगे असतात आणि रोगराई, महागाई, भ्रष्टाचार असं सगळं घेऊन जा म्हणून आरोळ्या उठतात. शेवटी मारबतीचं दहन होतं.

यातली काळी मारबत म्हणजे पुराणातली पूतना, असं काही जण सांगतात. पण नागपूरकरांच्या तोंडी जास्त असलेलं नाव वेगळंच आहे. ते म्हणजे बाकाबाई भोसले. इंग्रजांना मिळाली म्हणून तिचा पुतळा जाळायचा, अशी ती आख्यायिका.

आता या बाकाबाई नेमक्या कोण होत्या?

बाकाबाई या नागपूरचे राजे रघुजी भोसले दुसरे यांची राणी. २२ मार्च १८१६ ला रघुजी गेले. गादीवर मुलगा परसोजी बसला, पण तो शरीराने आणि मनाने इतका दुबळा होता की कारभार दुसऱ्याच कुणीतरी बघावा लागणार हे उघड होतं. बाकाबाईंनी धर्माजी भोसल्यांना हाताशी धरून सूत्रं आपल्याकडे ठेवण्याचा प्रयत्न केला. समोर होते परसोजींचे चुलतभाऊ अप्पासाहेब. डाव अप्पासाहेबांनी जिंकला.

आणि इथे एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. नागपूरच्या दारात तैनाती फौज आणणारा मे १८१६ चा तह बाकाबाईंनी नाही, तर अप्पासाहेबांनी केला होता. पुढे फेब्रुवारी १८१७ मध्ये परसोजी मेलेले सापडले. संशय अप्पासाहेबांवर गेला. त्याच वर्षी नोव्हेंबरात अप्पासाहेब इंग्रजांवर उलटले, सीताबर्डीच्या टेकडीवर लढाई झाली आणि भोसले हरले. अप्पासाहेब पुढे कैदेतून निसटले आणि लोकांच्या मनात स्वातंत्र्यासाठी लढलेला राजा म्हणून राहिले.

मागे राहिल्या बाकाबाई. १८१८ मध्ये इंग्रजांनी रघुजी दुसरे यांच्या नातवाला रघुजी तिसरे म्हणून गादीवर बसवलं. पोर दहा वर्षांचं. वाड्याचा आणि राजाचा सांभाळ बाकाबाईंकडे, राज्याचा कारभार रेसिडेंट जेंकिन्सकडे. म्हणजे मान राणीचा, हुकूम साहेबाचा. बाकाबाईंनी हा व्यवहार मान्य केला, कारण राज्य नावाला का होईना, भोसल्यांचं राहत होतं.

रघुजी तिसरे पस्तीस वर्षं गादीवर राहिले. मग ११ डिसेंबर १८५३ ला रघुजी तिसरे वारले. मुलगा नव्हता. घराण्याने यशवंतराव या मुलाला दत्तक ठरवलं, पण लॉर्ड डलहौसीने वारस नाही असं म्हणत मार्च १८५४ मध्ये राज्य खालसा केलं.

राज्य गेलं ते गेलं, पण खरा वाद पेटला तो वाड्यातल्या वस्तूंवरून. कंपनीचं म्हणणं, खजिना राज्याचा आणि राज्य आता आमचं, म्हणून दागिनेही आमचे. राण्यांचं म्हणणं, ही घरची मालमत्ता आहे. हत्ती, घोडे, बैल लिलावात काढले गेले आणि मातीमोल भावाने गेले. वाड्यातलं सामान हलवायची वेळ आली, तेव्हा म्हाताऱ्या बाकाबाईंनी वाड्याला आग लावीन अशी धमकी दिल्याचं खुद्द इंग्रज इतिहासकार जॉन केने लिहून ठेवलंय. तरी सामान गेलंच. पिढ्यान्‌पिढ्यांचे जडजवाहीर कलकत्त्याला पाठवले गेले आणि हॅमिल्टन कंपनीमार्फत विकले गेले. विक्रीच्या पैशातून भोसला फंड काढून घराण्याची सोय लावली, असं कंपनीने दाखवलं. घरच्याच दागिन्यांच्या पैशातून घरच्यांनाच मदत, आणि वर उपकार केल्याचा आव!

यानंतर तीनच वर्षांत १८५७ उजाडलं. जूनमध्ये नागपुरात घोडदळाच्या शिपायांचा कट फसला. अशा वेळी भोसल्यांच्या थोरल्या राणीने नुसता इशारा केला असता, तरी आसपासचे मराठे सरदार उठले असते. बाकाबाईंनी उलट केलं. आपलं सगळं वजन त्यांनी इंग्रजांच्या बाजूने टाकलं आणि आपल्या लोकांना उठावापासून रोखलं. हे खुद्द इंग्रजांच्या गॅझेटियरमध्ये कौतुकाने नोंदवलेलं आहे.

का केलं असेल? सीताबर्डीचा पराभव त्यांनी पाहिला होता, अप्पासाहेबांची वणवण पाहिली होती. दत्तकाला मान्यता मिळवायची तर साहेबाला दुखवून चालणार नव्हतं. हिशोब घराण्यापुरता बघितला तर बरोबर ठरला. बाकाबाई १८५८ मध्ये वारल्या आणि पुढे दत्तक जानोजींना, म्हणजेच यशवंतरावांना, इंग्रजांनी देऊरचे राजाबहादूर हा किताब दिला. राज्य मात्र परत आलं नाही. शहराने हिशोब लावला तो १८५७ चा, आणि त्या बाजूने गद्दारीचा आरोप पुसता येत नाही.

काळी मारबत १८८१ पासून निघते असं सांगितलं जातं. म्हणजे बाकाबाईंना जाऊन तेवीस वर्षं झाली होती. अप्पासाहेबांच्या १८१६ च्या तहाचा पुतळा मात्र कुणी केला नाही.

राहिली विकली गेलेली दौलत. २९ एप्रिल २०२५ ला लंडनमध्ये सोदबीजच्या लिलावात पहिल्या रघुजी भोसल्यांची तलवार आली. युरोपियन पात्याची फिरंग, पात्यावर सोन्याच्या देवनागरी अक्षरांत त्यांचं नाव आणि सेनासाहेबसुभा हा किताब. महाराष्ट्र सरकारने ती ४७.१५ लाख रुपयांना विकत घेतली आणि ऑगस्टमध्ये मुंबईत आणली. कलकत्त्याला गेलेले जवाहीर केव्हाच वेगवेगळ्या हातांत विखुरले होते.