डेम्लो संख्यांचे कापरेकर

नऊ वेळा एक लिहून होणाऱ्या १११११११११ या संख्येचा वर्ग केला, की १२३४५६७८९८७६५४३२१ ही सतरा अंकी संख्या मिळते. तिचे अंक एकापासून नऊपर्यंत चढत जातात आणि त्याच पायऱ्यांनी खाली उतरतात. अशा संख्यांना ‘डेम्लो’ हे नाव देणारे दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर हे देवळालीतील शाळामास्तर होते.

त्यांचा जन्म १७ जानेवारी १९०५ रोजी डहाणू येथे झाला. आठव्या वर्षीच त्यांचे मातृछत्र हरपले. पेशाने कारकून व ज्योतिषाचे व्यासंगी असलेल्या वडिलांनी त्यांना वाढवले. ठाण्यात शालेय शिक्षण घेऊन ते पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात दाखल झाले. तेथे १९२७ मध्ये मौलिक गणितकार्यासाठीचे रँग्लर परांजपे पारितोषिक त्यांना मिळाले. १९२९ मध्ये ते पदवीधर झाले. पदव्युत्तर शिक्षण मात्र त्यांनी घेतले नाही. १९३० पासून १९६२ पर्यंत ते देवळालीत शिक्षक होते.

या संख्यांची कल्पना त्यांना सुचली ती जीआयपी रेल्वेच्या डोंबिवली स्थानकावर. ‘डेम्लो’ हे नाव त्या स्थानकावरूनच आले. वरील सतरा अंकांची बेरीज ८१ होते, आणि ८१ ने त्या संख्येला भागल्यास बाकी काहीच उरत नाही. भागाकार १५२४१५७८९९७१०४१ येतो. आपल्याच अंकांच्या बेरजेने निःशेष भाग जाणाऱ्या संख्यांना कापरेकरांनी ‘हर्षद’, म्हणजे आनंद देणाऱ्या, असे नाव दिले. अशा रीतीने त्यांनी नावे दिलेले दोन्ही गुण या एकाच संख्येत एकत्र येतात. मात्र दहा वेळा एक लिहून वर्ग केल्यास हातचा येतो आणि चढउताराचा सुबक क्रम मोडतो.

१९४९ मध्ये मद्रास येथील गणित परिषदेत त्यांनी ६१७४ या संख्येचा गुणधर्म मांडला. सर्व अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घ्यावी, तिचे अंक उतरत्या व चढत्या क्रमाने मांडून वजाबाकी करावी आणि येणाऱ्या उत्तरावर हीच कृती पुन्हा करावी. सात वजाबाक्यांच्या आत ६१७४ हाती येतेच.

तरीही देशातील अनेक गणितज्ञांना हे संशोधन क्षुल्लक वाटे. कापरेकरांनी आपल्या कित्येक पुस्तिका स्वतःच प्रकाशित केल्या. १९६६ मध्ये पत्नीचे निधन झाले. निवृत्तिवेतन पुरेना, म्हणून या संशोधकाला उतारवयात शिकवण्या घ्याव्या लागल्या. मार्च १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’ मासिकातील आपल्या सदरात त्यांच्या कार्याची ओळख करून दिली आणि वयाच्या सत्तराव्या वर्षी कापरेकरांचे नाव जगभर पोहोचले. १९८६ मध्ये त्यांचे निधन झाले. ६१७४ ही संख्या आज ‘कापरेकर स्थिरांक’ म्हणून ओळखली जाते.