सांगलीचे विष्णुदास

मुलांनो, सिंधुदुर्ग जिल्ह्यात देवगडजवळ जामसंडे नावाचे गाव आहे. त्या भागात जत्रेच्या रात्री दशावतारी नाटक होते. नटांजवळ संवादांची वही नसते. कथा कोणती, राजा कोण, राक्षस कोण, एवढेच आधी ठरते. बोलणे ज्याने त्याने आयत्या वेळी रचायचे. एकाने काही नवे सांगितले, की दुसऱ्याला ते धरूनच पुढे जावे लागते. नाही तर सगळा खेळ मोडतो!

मराठी रंगभूमीची सुरुवातही अशाच खेळाने झाली. तो उभा केला विष्णुदास भावे यांनी.

विष्णुदास सांगलीचे. १८४२ साली कर्नाटकातील भागवत मंडळींचा खेळ तिथे झाला. सांगलीचे राजे चिंतामणराव पटवर्धन यांनी तो पाहिला आणि मराठीत असे काही कर, अशी आज्ञा विष्णुदासांना केली. हे काम सोपे नव्हते. नट नव्हते, पडदे नव्हते, नाटक मंडळी नव्हती. तरी ५ नोव्हेंबर १८४३ रोजी 'सीतास्वयंवर' नाटक झाले.

विष्णुदासांनी पदे रचली, पण संवाद लिहिले नाहीत. सूत्रधार पदे गाऊन कथा पुढे नेई. मग राम, सीता, रावण आपापल्या बुद्धीने बोलत. राक्षस आरडाओरडा करीतच येत! तुम्ही दास्तानगोची गोष्ट ऐकली असेल. तिथे एकच माणूस परीही होतो आणि देवही. इथे ते काम अनेकांनी वाटून घेतले होते. १९७४ साली अमेरिकेत 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' नावाचा खेळ निघाला. त्यातही एक जण कथा सांगतो आणि बाकीचे आपापले पात्र होऊन बोलतात.

१८५१ साली चिंतामणराव वारले. दरबारचा आधार गेला. इतक्या नटांचे पोट कसे भरायचे? विष्णुदास मंडळी घेऊन गावोगाव फिरू लागले. १८५३ साली मुंबईत त्यांनी तिकीट लावून खेळ केले. राजाच्या मर्जीवर चालणारे नाटक आता लोकांच्या पैशावर चालू लागले. मुंबईत मराठी न समजणारे लोकही पुष्कळ. त्यांच्यासाठी विष्णुदासांनी 'राजा गोपीचंद' हे नाटक हिंदीत केले. त्यांचे पाहून इतर नाटक मंडळ्याही निघाल्या.

पुढे संवाद लिहून नाटके होऊ लागली. विष्णुदासांनी तो काळही पाहिला. १९०१ साली ते वारले. त्यांची पदे पुस्तकात छापलेली आहेत. नटांचे बोलणे मात्र कोणी लिहून ठेवले नाही. ते त्या त्या रात्रीबरोबर संपले.