कलातपस्वी आबालाल रहिमान

वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी काहीतरी लिहून द्या, असे चिटणीसबाईंनी सांगितले तेव्हा एखादी पाककृती किंवा यात्रेचे वर्णन द्यावे, असे प्रथम मनात आले होते. पण गेल्या वर्षापासून आपल्या मंडळात दर बुधवारी दुपारी चित्रकलेचा वर्ग भरतो. त्या वर्गात एका भगिनीने विचारलेला प्रश्न काही केल्या माझ्या मनातून जाईना. मुलांची लग्ने झाली, नातवंडे शाळेत जाऊ लागली; आता या वयात चित्रे काढावयाची ती कोणासाठी, आणि ती पाहणार तरी कोण, असा तो प्रश्न होता. त्या दुपारी आम्हा कोणालाच त्याचे नीट उत्तर देता आले नाही. पुढे पुष्कळ विचार केल्यावर मला आपल्याच गावच्या एका थोर चित्रकाराची आठवण झाली. त्यांच्या चरित्रात त्या प्रश्नाचे उत्तर आहे, आणि एक इशाराही आहे, असे मला वाटते. म्हणून आबालाल रहिमान यांच्याविषयी चार शब्द लिहिते.

आबालालांचा जन्म १८५६ ते १८६० च्या दरम्यान कोल्हापुरात झाला. त्यांचे घराणे कुराणाच्या हस्तलिखित प्रती तयार करणारे होते. सुंदर अक्षर काढणे हीच त्या घरातली विद्या. ज्यांनी लहानपणी बोरूने पुस्ती गिरवली असेल, त्यांना ह्या कामाची थोडी कल्पना येईल. पेन्सिलीची रेघ खोडता येते, पण शाईची रेघ एकदा उमटली की उमटली. धर्मग्रंथाची प्रत करताना तर एक टिंबही इकडचे तिकडे होऊन चालत नाही. श्वास रोखून, मान न हलवता, एकाच वळणाचे अक्षर शेकडो वेळा काढावयाचे, हे ज्या घरात चालते त्या घरातील मुलाचा हात स्थिर होतो आणि नजर बारीक होते. आबालालांना चित्रकलेची शाळा पुढे मिळाली; पण त्यांची पहिली शाळा घरातली ती बैठकच होती. कोल्हापुरातील एका इंग्रज अधिकाऱ्याच्या पत्नीच्या नजरेस ह्या मुलाची कलाकुसर आली आणि तेथून त्यांना मुंबईचा रस्ता मिळाला, असे सांगतात.

मुंबईच्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये ते १८८० नंतरच्या दशकात शिकले. जॉन ग्रिफिथ्स ह्यांचा तो काळ. त्या वेळची शिकवण मोठी कडक होती. रंगाला हात लावण्यापूर्वी विद्यार्थ्याला महिनोन्‌महिने पेन्सिल आणि कोळसा घेऊन बसावे लागे. समोर प्लॅस्टरचा पुतळा ठेवीत आणि त्यावर पडलेल्या उजेडाची व सावलीची एकेक छटा कागदावर उतरवून घेत. विद्यार्थी कंटाळून जात. परंतु ज्या मुलाने घरी अक्षरे घोटली होती, त्याला हा घोटीवपणा जड गेला नसावा. १८८८ साली आबालालांना व्हाइसरॉयचे पदक मिळाले. हा त्या काळचा फार मोठा मान होता. त्यांनी विद्यार्थीदशेत केलेली रेखाचित्रे त्या संस्थेने पुढे जपून ठेवली.

आता कोणालाही वाटेल की, एवढे यश मिळाल्यावर हा तरुण मुंबईतच राहील. त्याच १८८८ साली बॉम्बे आर्ट सोसायटी स्थापन झाली होती. तिची प्रदर्शने, पदके, व्यक्तिचित्रे काढून घेणारे श्रीमंत पारशी व गुजराती व्यापारी, असे सारे काही मुंबईत होते. कोल्हापुरातच १८६७ साली जन्मलेले रावबहादूर धुरंधर १८९० मध्ये त्याच कलाशाळेत दाखल झाले आणि तेथेच एकेचाळीस वर्षे रमले. संस्थेच्या संचालकाच्या खुर्चीपर्यंत ते पोचले आणि त्यांची चित्रे घरोघर गेली. आबालाल मात्र शिक्षण संपल्यावर कोल्हापुरास परत आले, आणि मग येथून हलले नाहीत. दोघेही मोठे. एकाने जगाकडे तोंड केले आणि दुसऱ्याने गावाकडे, इतकेच.

१८९४ मध्ये शाहू महाराजांनी राज्यकारभार हाती घेतला. महाराजांची गुणग्राहकता आपल्याला ठाऊकच आहे. गवयांत अल्लादियाखाँसाहेब, मल्लांसाठी १९१२ चे खासबाग मैदान, नाटकवाल्यांसाठी १९१५ चे पॅलेस थिएटर, अशी ती मोठी यादी आहे. त्यांनी आबालालांनाही आश्रय दिला. दरबारचे चित्रकार म्हणून शिकारीची दृश्ये, प्राणी, व्यक्तिचित्रे अशी कामे त्यांच्याकडे येत. ती त्यांनी नेटकी केली. महाराजांचा मोठेपणा असा की, ह्या माणसाला दरबारी शिस्तीत फार अडकवून न ठेवता त्यांनी त्याला त्याच्या छंदाला मोकळे सोडले. पोटाची चिंता थोडी हलकी झाली आणि दिवसाचे तास हाती राहिले. कलावंताला ह्याहून मोठी देणगी कोणती? आपण गृहिणी तर हे चांगलेच जाणतो. आपल्यापैकी पुष्कळ जणींना गुणांची वाण कधीच नव्हती, वाण होती ती मोकळ्या तासाची.

आबालालांचे राहणे कोटितीर्थाच्या काठी होते. आज त्या भागात वस्तीची दाटी आहे. शेजारीच १९०६ साली स्थापन झालेली शाहू मिल होती. तिच्या भोंग्यावर आपल्या आईआजींनी घड्याळे लावली. परंतु त्या काळी हा भाग गावाबाहेरचा होता. तळे, महादेवाचे देऊळ, झाडी आणि आकाश, एवढाच शेजार. त्या एकांतात ह्या माणसाने आपली खरी साधना केली. घराबाहेर पडावे, आणि कोटितीर्थ, रंकाळा, संध्यामठ किंवा पंचगंगेचा घाट ह्यांपैकी कोठेतरी बसून समोर दिसते ते रंगवावे, हा त्यांचा क्रम. दूरदेशीचे डोंगर, राजवाडे, पुराणातले प्रसंग ह्यांच्या मागे ते फारसे लागले नाहीत. रोजच्या पायवाटेवर जे होते तेच त्यांना पुरले.

तीच जागा पुन्हा पुन्हा रंगविण्यात काय अर्थ, असे आपल्याला वाटेल. मलाही वाटे. पण वर्गात शिकू लागल्यावर मी एकदा सकाळी आणि एकदा दिवेलागणीला रंकाळ्यावर जाऊन संध्यामठासमोर बसले, तेव्हा माझे डोळे उघडले. सकाळी मठाचा दगड करडा आणि थंड दिसतो, त्याच्या सावलीत निळसर झाक असते. सायंकाळी तोच दगड तांबूस होतो आणि पाण्यात त्याचे लांबच लांब प्रतिबिंब पडते. पावसाळ्यात पाणी चढले की मठ अर्धा बुडतो, उन्हाळ्यात पायऱ्या उघड्या पडतात. मृगाच्या आधीचे आभाळ, श्रावणातले ऊनपाऊस, मार्गशीर्षातले धुके, प्रत्येकात तो निराळाच. म्हणजे जागा एक, पण चित्रे शंभर. आबालाल दगड रंगवीत नव्हते. त्या दगडावर त्या घटकेला पडलेला उजेड रंगवीत होते. उजेड तर थांबत नाही. म्हणून हात चपळ हवा, आणि कोणती गोष्ट सोडून द्यावयाची हे कळावयास हवे.

त्यांच्या चित्रांत हा बदल स्पष्ट दिसतो. आधीच्या कामात पानन्‌पान, चिरान्‌चिरा दिसेल अशी बारीक कुसर आहे. ती घरच्या हस्तलिखितांची आणि कलाशाळेची पुण्याई. पुढे पुढे रेषा विरघळत गेल्या आणि रंगाचे छोटे, मोकळे फटकारे आले. जवळून पाहिले तर नुसते ठिपके, चार पावले मागे सरले की पाण्यावरचा लखलखाट. जलरंग, दाट अपारदर्शक रंग, रंगखडू, तैलरंग अशी सारी माध्यमे त्यांनी हाताळली. पारदर्शक जलरंगात कागदाचा पांढरेपणा हाच उजेड असतो. तो एकदा झाकला की परत मिळत नाही. तेथे पुन्हा ती बोरूची शिस्त कामी येते. त्यांची पुष्कळ चित्रे आकाराने लहान आहेत, पण त्यांत मावलेले आकाश लहान नाही.

त्याच सुमारास, १८९० व १८९१ साली, फ्रान्समध्ये क्लोद मोने नावाचा चित्रकार शेतातल्या गवताच्या गंजी वेगवेगळ्या वेळी पुन्हा पुन्हा रंगवीत होता. त्या पंथाला तिकडे मोठे नाव मिळाले. आपल्या आबालालांची चित्रे पाहून जाणत्यांना त्या फ्रेंच चित्रकारांचीच आठवण होते. पण कोटितीर्थाकाठी बसलेल्या ह्या माणसाला त्यांचा रस्ता कोणी दाखविला नव्हता. तो त्याचा त्यालाच, रोज पाहता पाहता सापडला. स्वतःची शैली ठरवून आणता येत नाही. रोजच्या कामातून ती मागाहून उमटते, हे मला ह्यावरून उमगले.

६ मे १९२२ रोजी शाहू महाराज निवर्तले. साऱ्या कोल्हापुरावर दुःखाची कुऱ्हाड कोसळली. आबालालांचा तर आधार आणि रसिक दोन्ही एकदम गेले. ह्या दुःखाच्या भरात त्यांनी आपली हजारो चित्रे कोटितीर्थाच्या पाण्यात सोडली, असे कोल्हापुरात पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले आहेत. कोणी वीस हजारांचा आकडाही सांगतात. आकड्याचा वाद बाजूला ठेवला, तरी एवढी वर्षे रोज काम करणाऱ्या माणसाची आज हाती असलेली चित्रे फार थोडी आहेत, हे दुःख खरेच आहे. ज्या पाण्याची चित्रे काढली त्याच पाण्याला ती अर्पण केली, असे म्हणून पुष्कळ जण ह्या कथेत काव्य शोधतात. मला मात्र ती ऐकताना पोटात तुटते. एक माणूस गेला आणि आता पाहणारे कोणी उरले नाही असे ज्याला वाटले, त्याचा एकाकीपणा केवढा असेल! त्या दिवशी त्यांच्या जवळ बसून, ही राहू द्या, आमची मुले पाहतील, एवढे म्हणणारे कोणी असते तर?

त्यानंतरही ते नऊ वर्षे जगले. २८ डिसेंबर १९३१ रोजी कोल्हापुरातच त्यांचे देहावसान झाले.

पण लावलेले झाड वाया गेले नाही. कोल्हापूरला कलापूर म्हणतात, त्या परंपरेच्या मुळाशी आबालालांचे नाव घेतात. बाबूराव पेंटर, दत्तोबा दळवी आणि त्यांच्या मागून आलेल्या चित्रकारांनी ह्याच घाटांवर, ह्याच तळ्यांकाठी बैठक मारली. भाई माधवराव बागलांनी आपल्या लेखणीने ह्या कलावंतांची आठवण जागती ठेवली. भाऊसिंगजी रस्त्यावरील टाऊन हॉलच्या वस्तुसंग्रहालयात आबालालांची चित्रे आहेत. आजही सुटीच्या सकाळी कलाशाळांतील मुले-मुली रंकाळ्याच्या कट्ट्यावर फळी मांडीवर घेऊन बसलेली दिसतात. त्यांतल्या काहींना आबालाल हे नावही ठाऊक नसेल. पण बसण्याची जागा त्यांचीच आहे.

आता आपल्या वर्गातल्या त्या प्रश्नाकडे वळते. चित्रे कोणासाठी काढावयाची? आबालालांचे आयुष्य सांगते की, पाहण्यासाठी काढावयाची. काढू लागल्याशिवाय आपण पाहतच नाही. मी ह्या गावात जन्म काढला, हजार वेळा रंकाळ्यावरून गेले, पण संध्यामठाची सावली निळी असते हे मला साठी जवळ आल्यावर कळले. शाळेत असताना मी एलिमेंटरी आणि इंटरमीजिएट ह्या चित्रकलेच्या परीक्षा दिल्या होत्या. लग्नानंतर रंगांची पेटी जी ट्रंकेत गेली ती तीस वर्षांनी निघाली, तेव्हा वड्या भेगाळून गेल्या होत्या. कोणी मला अडविले होते असे नाही. वेळ मिळेल तेव्हा करू, असे मीच म्हणत राहिले. आबालालांना दरबारने वेळ दिला. आपल्याला तो आपला आपणच काढावा लागेल. दूर जावयास नको. परसातली तुळस, ओट्यावरचे पितळी पातेले, समोरच्या घराचे कौल, एवढे पुष्कळ आहे. मात्र ते रोज हवे, आणि तेच तेच पुन्हा करण्याचा कंटाळा नको.

दुसरी गोष्ट, म्हणजे तो इशारा. आपण बायका तर रोजच विसर्जन करीत असतो. सकाळी काढलेली रांगोळी संध्याकाळी पुसली जाते. आजीने शिवलेल्या गोधड्या विरल्या की त्यांची पोतेरी होतात. रुखवताची कलाकुसर माळ्यावर जाते. त्याचे कोणाला काही वाटत नाही, कारण आपल्यालाच वाटत नाही. तेव्हा आबालालांची साधना जरूर घ्यावी, पण ते पाणी घेऊ नये. काढलेल्या प्रत्येक चित्रामागे तारीख घालावी आणि ते जपून ठेवावे. शेजारणीने काही केले असेल तर दोन मिनिटे थांबून ते नीट पाहावे. पाहणारे एक माणूस पुरते. ते नसले तर काय होते, हे आपण वाचलेच.

येत्या २८ डिसेंबरला आबालालांची पुण्यतिथी आहे. त्या दिवशी सकाळी आपल्या वर्गातल्या सर्वजणींनी कागद आणि रंग घेऊन कोटितीर्थावर जमावे, अशी माझी चिटणीसबाईंना विनंती आहे. चित्र चांगले आले किंवा नाही हा प्रश्न नाही. तासभर त्या पाण्याकडे पाहावे, आणि जे कागदावर येईल ते घरी घेऊन जावे. ह्या थोर कलावंताला आपल्याकडून एवढे अभिवादन पुरेसे आहे.