तिजोरीचा हिशेब मागणारे बाबासाहेब

विहाराच्या वर्धापन दिनाची स्मरणिका निघायची म्हटली की तीत बाबासाहेबांच्या जीवनावर एक लेख येणारच. चवदार तळे, काळाराम मंदिर, पुणे करार, नागपूरची दीक्षा हे सारे आपल्या लहान मुलांनाही पाठ आहे, आणि त्यावर आमच्यापेक्षा चांगले लिहिणारे आपल्या वस्तीत आहेत. आम्ही गिरणी कामगार. शिक्षण रात्रशाळेतले, पुढचे सारे विहाराच्या कपाटातल्या पुस्तकांवर. म्हणून यंदा आम्ही जरा आडवाटेचा विषय घेतला आहे. सरकारचे कर्ज, सरकारचा खर्च आणि त्यात गरिबाच्या वाट्याला काय येते, या प्रश्नाशी बाबासाहेब आयुष्यभर कसे झगडले ते आम्हाला सांगायचे आहे.

हा विषय सुचायला कारण घडले. आपल्या भागातल्या एका शाळेचे वर्ग कमी करणार अशी बोलवा उठली, म्हणून सभा बोलावली होती. तिथे आपल्याच समाजाचा एक पदवीधर मुलगा उभा राहिला आणि म्हणाला की सरकारवर एवढं कर्ज आहे तर ते तरी काय करणार, कुठेतरी कात्री लावावीच लागणार. सभा गप्प झाली. खरं सांगायचं तर आम्हालाही उत्तर सुचलं नाही. घरी आलो, जेवलो, आणि दुसऱ्या दिवशी कपाटातून बाबासाहेबांचे इंग्रजी खंड काढले. डिक्शनरी शेजारी ठेवून, अडलं तिथं पोराला विचारून, चार-सहा महिने वाचत होतो.

बाबासाहेबांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे झाला, हे सगळ्यांना ठाऊक. वडील रामजी सुभेदार लष्करी शाळेत शिक्षक होते, हेही ठाऊक. पण ती शाळा कोणाच्या पैशावर चालत होती? सरकारी तिजोरीच्या. फौजेत शिपायाला आणि त्याच्या मुलांना शिक्षण मिळत असे, म्हणून त्या काळी आपल्या काही घरांत अक्षर शिरले. पुढे १८९२-९३ च्या सुमारास सरकारने महारांची भरतीच थांबवली आणि ते दार बंद झाले. मुंबईस आल्यावर परळच्या चाळीत राहून बाबासाहेब एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये शिकले. तीही सरकारी शाळा. १९०७ साली ते मॅट्रिक झाले. कॉलेजसाठी सयाजीराव महाराजांनी महिना २५ रुपये दिले, आणि १९१३ साली बडोदे संस्थानच्या शिष्यवृत्तीवर, दहा वर्षे नोकरी करण्याचा करार लिहून देऊन, ते न्यूयॉर्कला गेले. लष्करी शाळा, सरकारी शाळा, संस्थानची शिष्यवृत्ती यांतली एक पायरी जरी खर्च परवडत नाही म्हणून कोणी काढून टाकली असती, तरी पुढचे बाबासाहेब आपल्याला मिळाले असते का, हा विचार आमच्या डोक्यातून जात नाही.

कोलंबिया विद्यापीठात सरकारी जमाखर्चाच्या शास्त्रातले जगप्रसिद्ध प्राध्यापक सेलिग्मन त्यांना गुरू म्हणून लाभले. तिथे मे १९१५ मध्ये बाबासाहेबांनी ईस्ट इंडिया कंपनीचा कारभार आणि वित्तव्यवस्था यावर एक छोटा प्रबंध सादर केला. वय होते अवघे २४. हा प्रबंध त्यांच्या हयातीत छापला गेला नाही. महाराष्ट्र सरकारने १९८९ साली काढलेल्या सहाव्या खंडात तो आहे. आम्ही सगळ्यात जास्त दिवस त्यावरच घालवले.

कर्जाचे मूळ त्यात सापडते. कंपनी लढाया करी, मुलूख जिंकी, आणि लढाईचा खर्च जिंकलेल्या मुलखाच्या महसुलावर टाकी. महसूल पुरला नाही की कर्ज काढी, तेही त्याच मुलखाच्या नावावर. १८३३ च्या कायद्याने कंपनीचा व्यापार बंद झाला, पण तिच्या भागीदारांना दरसाल साडेदहा टक्के लाभांश ठरवून दिला. ती रक्कम ६ लाख ३० हजार पौंड, म्हणजे त्या वेळच्या दहा रुपये दराने ६३ लाख रुपये, आणि ती भरायची हिंदुस्थानच्या महसुलातून. याच कंपनीला वीस वर्षे आधी, १८१३ च्या सनदेत, हिंदी लोकांच्या शिक्षणावर दरसाल निदान १ लाख रुपये खर्चावेत असे सांगितले होते. तो १ लाखही बरीच वर्षे धड खर्च झाला नाही. मग १८५७ झाले. ते मोडून काढायला जो पैसा लागला त्याने कर्ज जवळपास ४ कोटी पौंडांनी वाढले. १८५८ साली राज्य राणीकडे गेले, पण कर्ज मात्र राणीने घेतले नाही, ते हिंदुस्थानच्या गळ्यात राहिले. शेवटी १८७४ साली भागीदारांचे ६० लाखांचे भांडवल दुप्पट भावाने, १ कोटी २० लाख पौंड देऊन सोडवले, आणि कंपनी विसर्जित झाली. हा भारसुद्धा आपल्याच माणसांवर. म्हणजे बघा, दरोडेखोराने घर फोडावे, पहारीचा खर्च घरमालकाच्या खात्यावर मांडावा, वर त्याचे व्याज लावावे, आणि जाताना नुकसानभरपाईही घेऊन जावी! बाबासाहेबांची भाषा मात्र अशी नाही. ते आकड्यांमागून आकडे मांडतात, इंग्रजांची काही चांगली कामेही मान्य करतात, आणि मग शांतपणे दाखवतात की हिंदुस्थानने इंग्लंडला किती दिले आणि इंग्लंडने हिंदुस्थानला किती थोडे.

आमच्या वडिलांच्या काळी पगाराच्या दिवशी गिरणीच्या दारात पठाण काठी घेऊन उभा असायचा. आमची आई म्हणायची की शिलाई मशिनीसाठी काढलेलं कर्ज मशीन फेडतं, आणि दारूसाठी काढलेलं पोरांच्या ताटातून फिटतं. इंग्लंडने लादलेले कर्ज या दोन्हींत बसत नाही. ते आपण काढलेलेच नव्हते.

मधली वर्षे थोडक्यात सांगतो, कारण ती कथा आपण दरवर्षी ऐकतो. १९१७ साली शिष्यवृत्ती संपल्याने लंडनचा अभ्यास सोडून परतणे, बडोद्यातला अपमान, सिडनेहॅम कॉलेजातली प्राध्यापकी, १९२० साली शाहू महाराजांच्या मदतीने पुन्हा लंडन. तिथून रुपयाचा प्रश्न हा ग्रंथ आला, १९२३ च्या अखेरीस. या ग्रंथाविषयी एक गोष्ट आपल्या वक्त्यांनी ऐकावी. सरकारने हवा तेवढा पैसा छापावा असे बाबासाहेब कधीच म्हणाले नाहीत. उलट चलन काढण्यावर कडक मर्यादा हवी, सरकारच्या लहरीवर ते सोडू नये, असे त्यांचे मत होते. रुपयाची किंमत घसरली की भाव आधी चढतात आणि मजुरी मागून रखडत येते, हे त्यांनी नीट दाखवले आहे. महागाई भत्त्यासाठी ज्यांनी मोर्चे काढले त्यांना हे वेगळे समजवायला नको. तेव्हा कर्ज किती का होईना, काय फरक पडतो, असे म्हणणारे आमचे काही मित्र आहेत त्यांना बाबासाहेबांचा आधार मिळणार नाही. आणखी एक. रिझर्व्ह बँक बाबासाहेबांनी काढली असे आपल्याकडे छातीठोक सांगतात. १९२५ साली त्यांनी चलन आयोगापुढे साक्ष दिली, त्या आयोगाच्या शिफारशीनंतर १९३४ चा कायदा होऊन १९३५ साली बँक सुरू झाली. जेवढे खरे तेवढे सांगावे. त्यांचे मोठेपण त्याने रतीभर कमी होत नाही.

१९२५ साली ब्रिटिश हिंदुस्थानातील प्रांतिक वित्तव्यवस्थेवरचा त्यांचा ग्रंथ निघाला. तो सयाजीराव महाराजांना अर्पण केलेला आहे, प्रस्तावना सेलिग्मन यांची. वाचायला हा ग्रंथ जड आहे, आम्ही कबूल करतो. पण त्यात १८७१ ची एक हकिगत आहे ती फार बोलकी आहे. वरच्या सरकारच्या तिजोरीत तूट. तेव्हा लॉर्ड मेयो यांनी शिक्षण, दवाखाने, तुरुंग, पोलीस, रस्ते अशी खाती प्रांतांकडे सोपवली आणि त्यांच्यासाठी एक ठरावीक रक्कम बांधून दिली, पूर्वीच्या खर्चापेक्षा कमीच. उरलेले प्रांतांनी काटकसर करून नाहीतर लोकांवर स्थानिक कर बसवून भागवावे. फौज आणि कर्जाचे व्याज मात्र वर राहिले. तूट वरची, आणि कात्री खालच्या शाळा-दवाखान्याला! बाबासाहेबांचा मुद्दा असा की नुसती जमाखर्चाची तोंडमिळवणी झाली म्हणून कारभार चांगला ठरत नाही. कर कोणाकडून घेतला आणि पैसा कशावर घातला, हे पाहिल्याशिवाय आकड्यांना अर्थ नाही.

आणि हेच दोन प्रश्न घेऊन ते फेब्रुवारी १९२७ मध्ये मुंबई कायदे कौन्सिलात शिरले. पहिल्याच अंदाजपत्रकावर त्यांनी जमीन महसूल धरला. दोन हजारांच्या आत उत्पन्न असणाऱ्याला प्राप्तिकर माफ, पण एक एकराच्या कुणब्याला शेत पिको न पिको, सारा भरायचाच. त्या वेळची व्यवस्था अशी होती की शिक्षण खाते हिंदी मंत्र्याकडे आणि तिजोरीची किल्ली गव्हर्नरच्या राखीव बाजूकडे. मार्च १९२७ मध्ये शिक्षणाच्या अनुदानावर ते बोलले. इलाख्यात सरकार शिक्षणावर माणशी खर्च करते १४ आणे, आणि दारूच्या करातून माणशी वसूल करते दोन रुपयांच्या वर. दारूतून जेवढे घेता तेवढे तरी शिक्षणावर घाला, एवढीच त्यांची मागणी होती. पहिलीत शिरलेल्या शंभर मुलांपैकी फक्त १८ चौथीपर्यंत पोचतात, बाकीची पुन्हा निरक्षर होतात, म्हणजे अर्धवट खर्च हा वाया गेलेला खर्च, असेही त्यांनी मांडले. या गतीने सगळ्या मुलग्यांना शाळेत आणायला ४० वर्षे आणि मुलींना ३०० वर्षे लागतील, हा आकडा त्यांनी सभागृहात ऐकवला. आम्ही ते पान वाचून सौभाग्यवतींना मोठ्याने वाचून दाखवले. त्या म्हणाल्या, मग आम्ही लवकरच शिकलो म्हणायचं.

१९२८ साली गिरणी कामगार बायांच्या प्रसूती रजेचे बिल आले. मालकांची बाजू मांडणारे म्हणत होते की धंद्यावर बोजा पडेल. बाबासाहेबांनी बिलाला पाठिंबा दिला, आणि आईला विश्रांती मिळणे हे साऱ्या देशाच्या हिताचे, म्हणून या खर्चाचा मोठा भार खरे तर सरकारने उचलावा असेही सांगितले. १९२९ साली तो कायदा झाला. आमच्या आजीच्या पिढीने खात्यात साच्याशेजारी काय भोगले ते ज्यांनी ऐकले आहे त्यांना त्या कायद्याची किंमत कळेल.

१९४२ ते १९४६ ते व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर मंत्री होते. महायुद्ध चालू, तिजोरीवर ताण. तरी त्याच काळात खाण कामगारांचा कल्याण निधी झाला, कामगारांच्या आरोग्य विम्याची योजना तयार करवली गेली (तीच पुढे १९४८ च्या कायद्याने ई.एस.आय. झाली), आणि कारखान्यात आठवड्याला ५४ ऐवजी ४८ तास ठरले. दामोदर खोऱ्यातल्या धरणांचे कामही तेव्हाचेच. शिलाई मशिनीचे कर्ज म्हणतात ते असे.

१९४७ साली त्यांनी राज्य आणि अल्पसंख्य हा मसुदा संविधान सभेसाठी लिहिला. मूलभूत उद्योग, शेती आणि विमा सरकारच्या मालकीचे असावेत असे त्यात आहे. विमा कशासाठी? त्यांनी कारण दिले आहे. विम्याचा पैसा हाती असेल तर योजनांसाठी सरकारला बाजारात जास्त व्याजाने कर्ज काढायला जावे लागणार नाही. जनतेची बचत जनतेच्या कामी. त्यांच्या हयातीतच, १ सप्टेंबर १९५६ रोजी, आयुर्विमा महामंडळ सुरू झाले.

संविधानात कर्जाचे कलम आहे, २९२. केंद्राने कर्ज काढावे, पण संसद मर्यादा घालील तर तिच्या आत. १९४९ साली सभेत या कलमाविषयी शंका निघाल्या तेव्हा बाबासाहेबांनी सांगितले की अधिकार दिला आहे, तो संसदेने वापरावा अशी नुसती आशा नाही तर अपेक्षा आहे. तुटीला आवर घालण्याचा कायदा यायला मात्र २००३ साल उजाडले. हिशेब तपासणाऱ्या महालेखापरीक्षकाला तर ते न्यायाधीशांपेक्षाही महत्त्वाचा अधिकारी मानत. आणि एक बाब वाचून आम्ही थबकलो. कलम ११२ आणि ११३ प्रमाणे कर्जाचे व्याज तिजोरीवर थेट भारित असते, त्यावर संसदेत चर्चा होते पण मतदान होत नाही. शाळा-दवाखान्यांच्या मागण्यांवर मतदान होते. देणेकऱ्याचा विश्वास राहावा म्हणून हे ठेवलेले दिसते, पण याचा अर्थ व्याजाचे ताट आधी वाढले जाते. आम्हाला हे खटकले, तसे लिहितो. म्हणूनच कर्ज काढतानाच, कशासाठी, हे विचारायचे. नंतर विचारून उपयोग नाही.

६ डिसेंबर १९५६ ला बाबासाहेब गेले. दिल्लीच्या घरी ते आदल्या रात्रीपर्यंत लिहीत-वाचत होते.

सभेत बोललेल्या त्या मुलाला आम्ही मुद्दाम घरी बोलावले. चहा घेतला, वाद झाला, तो काही लगेच कबूल झाला नाही. जाताना १९२७ ची भाषणे असलेला दुसरा खंड त्याला वाचायला दिला. विहाराच्या वहीत आमच्या नावावर नोंद आहे. अजून त्याने परत केलेला नाही.